शिवी देणाऱ्याला मी दिसलेली असते

पहाटे ५:४५

दोन्ही टायर अंगठ्यानं दाबून बघणं हे माझं दिवसातलं पहिलं काम. मागचं जरा बसलंय, थोडी हवा भरली. ब्रेक, घंटी, पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या: रबरी पट्टे, पायाला बांधायची वजनं, सांधा किती वाकतो ते मोजायचं गोनिओमीटर, दुखणं कमी करायचं टेन्सचं छोटं मशीन, टॉवेल. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि कोथरूडपासून पेठांपर्यंत घरोघरी जाऊन पेशंट बघते. सायकलवर.

स्कूटर माझ्याकडे आहे, मोटारही घरात आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण कोणी ना कोणी पेट्रोलचे भाव काढून माझ्याविषयी हळहळ व्यक्त करतंच. सायकलचं कारण साधं आहे. पेठेत गाडी लावायला जागा शोधण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात एका गुडघ्याचे व्यायाम होतात.

ओढणी नाही. कुर्त्याऐवजी भडक पोपटी टी-शर्ट. मुलगी म्हणते, आई, तू ट्रॅफिक कोनसारखी दिसतेस. तसंच दिसायचं असतं.

६:१५

डहाणूकर कॉलनीतून बाहेर पडून कर्वे पुतळ्याला. सिग्नल अजून पिवळे लुकलुकतायत, रस्ता मोकळा, हवा गार. नवख्या सायकलवाल्याला ही वेळ सुरक्षित वाटते. मला नाही. या वेळी कोणी शिवी देत नाही, हॉर्नही देत नाही, कारण कोणाला अडथळाच नसतो. दुधाचा टेम्पो, रात्रपाळी संपवून घरी निघालेली कॅब, रेती टाकून परतणारा डंपर, सगळे आपल्या वेगात. चौकात पिवळ्या दिव्याचा अर्थ हळू जा असा असतो, पण पहाटे तो कोणी तसा वाचत नाही. म्हणून रिकाम्या चौकात मी थांबते, दोन्हीकडं बघते, मग निघते.

पुतळ्याला वळसा घालताना एक गंमत मनात येतेच. हा सगळा रस्ता ज्यांच्या नावाचा, ते धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून चालत हिंगण्याच्या आश्रमात जायचे. रोज, चिखलातूनही. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरूडला गावानं त्यांना वाळीत टाकलं. रस्त्याच्या कडेला उभं राहून दुसऱ्यानं कसं जगावं ते सांगणारी माणसं त्यांना पुरेपूर भेटली असणार. त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे पुण्यात स्कूटर चालवायच्या, तेही बायका स्कूटरवर दिसत नसत तेव्हा. एवढं सगळं ज्या घरानं पचवलं, त्याच घराच्या नावाच्या रस्त्यावर मला कोणी ‘काकू, सांभाळून, वय झालं’ म्हटलं तर काय बिघडलं!

६:३०

मयूर कॉलनी. गुडघा बदलून तीन आठवडे झालेल्या आजी. नव्वद अंशांपर्यंत वाकवला, त्या ओरडल्या, मग चहा दिला.

७:४५

वाटेत पदपथाला लागून रंगीत पेव्हर ब्लॉकचा सायकल ट्रॅक आहे. त्यावर या वेळी कोण असतं? चालायला आलेली मंडळी, चौघं एका रांगेत. शिवाय एक नारळपाणीवाला, दोन उभ्या मोटारसायकली आणि महापालिकेनंच लावलेला विजेचा खांब.

मी घंटी वाजवली. एकदाच, हलकी. चौघांतल्या टोपीवाल्या काकांनी वळून पाहिलं.

“अहो, सकाळची माणसं फिरायला येतात. घंट्या कसल्या वाजवता? रस्ता आहे ना एवढा मोठा!”

“काका, हा सायकल ट्रॅक आहे.”

“मग काय झालं? सायकली कुठं असतात?”

यावर उत्तर नाही, कारण काका खरं बोलत होते. ट्रॅकवर सायकली नसतात, कारण तिथं काका असतात. मी उतरले, सायकल ढकलत त्यांच्या बाजूनं पुढं गेले, मग रस्त्यावर आले. रस्त्यावर येताच मागून रिक्षावाला: “ओ ताई, ट्रॅक कशाला केलाय तिकडं?”

त्याला टोपीवाल्या काकांशी जोडून द्यावं असं फार वाटतं.

८:४५

नळ स्टॉपच्या अलीकडं. आता खरी वेळ सुरू. वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली आम्ही. वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली. खांबांसाठी रस्ता जेवढा आवळला गेला त्याची सवय सगळ्यांना झाली, समजूत मात्र कोणाची पटली नाही. पुलावर मी जात नाही. चढ आहे आणि कडेला सरायला जागा नाही. मी खालून जाते.

इथं माझा रोजचा तंटा होतो तो डावी कड न धरण्यावरून. लोकांना वाटतं सायकलनं गटाराच्या जाळीवरून जावं. मी उभ्या असलेल्या मोटारींपासून पुरतं एक मीटर अंतर ठेवून चालवते. मोटारीचं दार उघडलं की साधारण तेवढं बाहेर येतं. ताशी १५ किलोमीटरनं सायकल सेकंदाला चार मीटरहून थोडी जास्त पुढं जाते. तीन मीटरवर दार उघडलं तर ब्रेकला हात जाईपर्यंत मी दारावर असते, आणि दाराला धडकून माणूस रस्त्याच्या बाजूला पडतो, जिथं मागून बस येते. पडताना हात पुढं टाकला की मनगट मोडतं, खांद्यावर आपटलं की गळ्याजवळचं हाड. ही मनगटं नंतर माझ्याकडंच येतात.

मागून लांबलचक हॉर्न. मी मान वळवून बघितलं. पांढरी मोठी गाडी, काच खाली, गोरेपान गृहस्थ, कानात ब्लूटूथ. हे मान वळवून बघणं फार कामाचं आहे. आरसा लावायला अनेकांनी सांगितलं, लावलाही आहे. पण आरशात मी त्याला बघते, त्याला ते कळत नाही. मान वळवली की त्याला माझा चेहरा दिसतो. चेहरा दिसला की दहांतले आठ जण ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल करतात. हे माझं गणित, कुठल्या पुस्तकातलं नाही.

हे गृहस्थ उरलेल्या दोघांतले निघाले. खेटून पुढं गेले आणि जाताना म्हणाले, “रस्ता बापाचा आहे का?”

पुढच्या सिग्नलला ते उभे होतेच. सायकलवाल्याला पुण्यात हा एक आनंद हमखास मिळतो, ज्यानं कट मारला तो पुढच्या लाल दिव्याला भेटतो. अशा वेळी बोलायचं की नाही? माझा नियम आहे. चाक फिरत असताना एक शब्द नाही. थांबल्यावर, समोरचा एकटा असेल आणि वाटला तर, एकच वाक्य. ‘तुम्ही’ म्हणून, आवाज न चढवता, आणि काय झालं तेवढंच. तो कसा आहे ते नाही.

“साहेब, त्या उभ्या गाड्यांची दारं उघडतात, म्हणून मी मध्ये होते. पुढं मोकळं झालं की बाजूला होणारच होते.”

ते समोर बघत राहिले. काच वर गेली. मला तेवढं पुरलं. वाद जिंकायचा नव्हता, उद्या याच वेळी याच रस्त्यावर पुन्हा भेटायचं होतं.

९:३०

प्रभात रोडची एक गल्ली. इथं झाडं आहेत, सावली आहे, शिवी कोणी देत नाही. इथं वॉचमन आहे.

“सायकल आत नाही. बाहेर लावा.”

“चौथ्या मजल्यावर पेशंट आहे. रोज येते ना मी?”

“कामवाल्या बायकांच्या सायकली मागं लावायच्या, सेक्रेटरींनी सांगितलंय.”

त्याचा दोष नाही, तो हुकूम ऐकतो. शिवाय तो स्वतः सायकलनंच कामाला येतो. त्याची सायकल मागंच उभी आहे, साखळीनं जिन्याच्या गजाला बांधलेली. माझा मुद्दा वेगळा आहे. समोर व्हिजिटरसाठी तीन मोटारींची जागा रिकामी आहे, आणि कामवाल्या बाईची सायकल तिथं उभी राहिली असती तर काय झालं असतं, हे सेक्रेटरींना कोणी विचारत नाही. मी माझी सायकल मागं, त्या बायकांच्या सायकलींशेजारी लावते. तिथं सावली चांगली आहे, आणि त्या बायकांकडून रस्त्याची बातमी मिळते: कुठं खोदलंय, कुठल्या गल्लीतलं कुत्रं व्यालंय आणि अंगावर येतंय. आमच्यापैकी रस्त्यावर रोज चाकं फिरवणाऱ्या त्याच जास्त. हेल्मेट नाही, दिवा नाही, हँडलला डबा. त्यांच्याबद्दल कोणी लेख लिहीत नाही.

वर पेशंटच्या मुलानं पुन्हा विषय काढला. “मॅडम, कॅबनं येत जा ना. पैसे आम्ही देऊ. आम्हालाच काळजी वाटते.” खरंच चांगला मुलगा आहे. पण ही काळजी रोज ऐकली की अंगावर येते. रस्ता धोक्याचा आहे म्हणून मी रस्ता सोडावा, यात मोटार चालवणाऱ्यानं काही करावं असं कुठंच येत नाही.

११:००

लकडी पुलाकडं जाताना एका हॉस्पिटलच्या फाटकासमोरचा पट्टा. ‘शांतता क्षेत्र’ ही पाटी तिथं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर हॉर्न वाजवायचा नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला तेव्हा विनाकारण हॉर्नला पहिल्यांदा १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आला. पाटीखाली उभं राहून एक तास मोजलं तर महापालिकेचं बजेट निघेल. मोजत मी बसत नाही, पाटीखालून निघून जाते.

११:३०

सदाशिव पेठ. वाड्याच्या जागी झालेली इमारत, तिसरा मजला, लिफ्ट बंद. हे पेशंट म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. खांदा गोठलाय. तीस-बत्तीस वर्षं मोठं स्टिअरिंग फिरवलेला हात आता डोक्यापर्यंत जात नाही. भिंतीवर बोटांनी चढत जायचा व्यायाम देते आणि ते चढताना बोलतात, म्हणजे दुखणं विसरतात.

आज मी पांढऱ्या गाडीचा किस्सा सांगितला. ते हसले नाहीत.

“तो ओरडला ना? मग तो तुम्हाला मारणार नव्हता. ताई, मी आयुष्यात सायकलवाल्यांना लई शिव्या दिल्या. सकाळी खडकीकडं कारखान्याच्या पाळीला एवढ्या सायकली असायच्या की बस मागंच राहायची. मी रोज ओरडायचो. ज्याला ओरडलो त्याला कधी धक्का लागला नाही. ज्याला लागला, तो मला दिसलाच नव्हता.”

बोटं भिंतीवर थांबली.

डावीकडं वळताना झालं. तो आतल्या बाजूला येऊन थांबला होता, दाराच्या मागं. बस वळली की मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं जात नाही, आत कापत येतं. त्या माणसाला हे माहीत नव्हतं. यांना माहीत होतं, पण तो आरशात नव्हता. माणूस वाचला. पाय राहिला नाही.

“तुम्हाला माझा चेहरा आरशात दिसतोय का बघा. दिसत नसला तर मलापण तुम्ही दिसत नाही. तिथं थांबू नका. पुढं जा नाही तर मागं राहा, डाव्या कुशीत राहू नका.”

हे मी आधीही वाचलं होतं. पण असं कोणी सांगितलं नव्हतं, हात भिंतीवर ठेवून. त्यांच्याकडं येऊ लागल्यापासून मी शिव्यांचा हिशोब उलटा ठेवते. शिवी ऐकू आली की निदान एक गाडी कमी झाली, तिला मी दिसले. भीती वाटायला हवी ती फोनमध्ये बघत शांतपणे येणाऱ्याची, पार्किंगमधून मागं न बघता निघणाऱ्याची, राँग साइडनं गुपचूप येणाऱ्या ॲक्टिवाची. ही माणसं अगदी सभ्य असतात. धडकल्यावर सॉरीसुद्धा म्हणतात.

खांदा आज पाच अंशांनी जास्त उचलला.

१:३०

घरी जेवण, अर्धा तास पाठ टेकली.

३:३०

शिवाजीनगर ते डेक्कन, जंगली महाराज रस्त्यानं. एकेरी रस्ता, त्यामुळं समोरून कोणी यायला नको. येतात, पण कमी. या रस्त्यावर सायकल चालवताना चाकाखाली खड्डा लागत नाही. सत्तरच्या दशकात रेकॉन्डो नावाच्या कंपनीनं तो केला तेव्हा दहा वर्षं खड्डा पडणार नाही अशी हमी दिली होती, आणि पुणेकर ही गोष्ट अजून लग्नाच्या पंगतीत सांगतात. खड्ड्याचा आणि शिवीचा संबंध आहे. मी खड्डा चुकवायला अचानक उजवीकडं सरकले की मागच्याला वाटतं बाई बेशिस्त आहे. त्याला खड्डा दिसत नाही, मी दिसते. गुळगुळीत रस्त्यावर मी सरळ रेषेत जाते आणि मग माझ्यावर कोणी चिडत नाही. कित्येक भांडणं डांबरानंच मिटतील.

२०१७-१८ मध्ये पिवळ्या, नारिंगी भाड्याच्या सायकली या भागात फिरू लागल्या होत्या तेव्हा मला बरं वाटलं होतं. सोबत वाढली की मोटारवाल्याच्या डोळ्यांना सवय होते. मग कुठं सीट गेली, कुठं चाक, कुठं अख्खी सायकल नदीपात्रात. सवय होण्याआधीच सायकली गेल्या.

४:३०

नदीकाठचा एक रस्ता. मागून मोटारसायकल, दोन पोरं. मागं बसलेल्यानं जाताजाता पाठीवर जोरात थाप मारली आणि ‘आँटी, हवा गेली’ असं ओरडून दोघं निघून गेले.

इथं बसड्रायव्हरांचा नियम चालत नाही. या पोरांना मी नीट दिसले होते. म्हणूनच मारली.

अशा वेळी शरीर काय करतं ते मला माहीत आहे: खांदे वर जातात, कोपर ताठ होतात, हँडल थरथरतं. ताठ हातांनी हँडल वळतं आणि माणूस पडतो. कोपर सैल सोडायचे, पुढं बघायचं, हळूहळू कडेला थांबायचं. मी थांबले. पाठलाग करायचा नाही. त्यांचं वाहन माझ्यापेक्षा वेगवान आहे आणि ती दोघं आहेत. नंबरमधले शेवटचे दोन आकडे तेवढे लक्षात राहिले.

टपरीजवळ चार माणसं होती. एक म्हणाला, “व्हिडिओ काढायला पाहिजे होता.” दुसरा, वयस्कर: “एवढ्या ट्रॅफिकमध्ये बायकांनी सायकल आणायचीच कशाला?” ज्यानं मारलं त्याच्याबद्दल एकही वाक्य नाही. बघ्यांचा हा स्वभाव मला मोटारवाल्यांपेक्षा जास्त लागतो. मोटारवाला निघून जातो, बघ्या तिथंच उभा राहून तुम्हाला सुधारतो. टपरीवाल्या बाईनं मात्र न विचारता पाण्याचा ग्लास पुढं केला आणि चौघांना म्हणाली, “तुमची पोरं असती म्हणजे?” मग वयस्कर गृहस्थ चहा संपवण्यात गुंतले.

चौकीत गेले. माझा अनुभव असा की आकडे अर्धे असले तरी अर्ज द्यावा. निदान त्या रस्त्याच्या नावानं एक कागद राहतो. हवालदारांनी विचारलं, “तुमचं काही चोरीला गेलं का?” नाही. “लागलं का?” नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी ते उचलून त्यांच्या हातात दिलं, आणि मग त्यांनी लिहून घेतलं. पोच मागितली, मिळाली. पुढचा पेशंट तासभर उशिरा.

७:१५

परत कोथरूडकडं, चढाला. दिवसभरातला हा सगळ्यात अवघड तुकडा, आणि त्याचं कारण माणसं नाहीत, दिवे आहेत. समोरून येणारा अप्परवर असतो. डिपर मारायचा असतो ही गोष्ट गाडी शिकवताना बहुतेक गाळतात. डोळे दिपले की पुढचे दोन-तीन सेकंद रस्ता नसतो. मी नजर खाली, डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवते आणि वेग कमी करते. मग मागून हॉर्न. वाजू दे. तुला मी दिसलेय.

पूर्वी रात्री सायकलला दिवा नसला की पोलीस पकडायचे, डबलसीट असलं तरी पकडायचे. जुने पुणेकर ते दंड हसत सांगतात. आता सायकलला कोणी विचारत नाही. लायसन नको, विमा नको, नंबर नको. हे सोयीचं आहे, पण त्याच्याच बरोबर ‘तुमच्याकडं लायसन तरी आहे का’ असं कोणी मोटारवाला भर रस्त्यात विचारतो. लायसन धोकादायक वस्तू चालवायला लागतं, हे त्याला त्या क्षणी पटवायचा प्रयत्न मी सोडलाय.

चढावर एक शाळकरी मुलगा सायकलवर माझ्या पुढं होता. क्लासवरून येत असावा. अगदी गटाराला चिकटून, डोकं खाली. त्याला गाठलं आणि म्हटलं, “बाळा, जरा आत ये. कडेला राहिलास तर ते तुला आणखी कडेला ढकलतात.” त्यानं संशयानं बघितलं. मग तो हातभर आत आला. मागच्या टेम्पोनं हॉर्न मारला आणि आम्हा दोघांना पूर्ण वळसा घालून गेला.

९:००

जेवण झालं. साखळीला तेल, लाल दिवा चार्जिंगला. बसड्रायव्हरांच्या सुनेचा मेसेज: हात आज कपाळापर्यंत गेला. उद्याच्या पेशंटची यादी बघते. वारज्याला एक नवीन पेशंट, पाठीचं दुखणं, सकाळी सात. महामार्गाच्या सर्व्हिस रोडवरून जावं लागेल. तिथं डंपर, राँग साइड, आणि कडेला थांबायला जागा नाही. सायकलनं मी तिकडं जात नाही, आणि याबद्दल मला काही वाटतही नाही. त्यांना लिहिलं: सातला येते, बसनं येणार आहे, पाचदहा मिनिटं इकडंतिकडं होतील.